थ्रीडी सोनोग्राफी: आईला दिसणारा चेहरा आणि डॉक्टरांना हवे असलेले काप

थ्रीडी सोनोग्राफीत बाळाचा चेहरा उमटला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, नाक कुणावर गेलंय? डॉक्टर मात्र त्या वेळी वरचा ओठ अखंड आहे की दुभंगलेला, हे बघत असतात.

साध्या सोनोग्राफीत पोटावर फिरवायच्या यंत्राच्या टोकातून, म्हणजे प्रोबमधून, काही मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी पोटात जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून शरीराचा एक काप दिसतो. थ्रीडी प्रोब असे अनेक काप भराभर घेतो आणि संगणक ते पावाच्या कापांसारखे पुन्हा जोडतो. मग गर्भजल संपून त्वचा सुरू होते तो पृष्ठभाग शोधून त्यावर छायाप्रकाश चढवतो. चित्रातला तो सोनेरी रंगही संगणकाचाच. टोकियोत संशोधक काझुनोरी बाबा यांनी १९८०च्या दशकात गर्भाची अशी पहिली चित्रं मिळवली.

चेहऱ्यासमोर पुरेसं गर्भजल नसेल, किंवा बाळ वारेला तोंड टेकवून झोपलं असेल, तर चित्र येतच नाही. त्याचा बाळाच्या तब्येतीशी संबंध नसतो. बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का हे बघणाऱ्या अ‍ॅनोमली स्कॅनच्या वेळी, म्हणजे १८ ते २० आठवड्यांत, त्वचेखाली चरबी जवळपास नसते. त्यामुळे चेहरा हाडकुळा दिसतो आणि काही आया घाबरतात. ही गोष्ट आधीच सांगायला हवी. गुबगुबीत गाल साधारण २६ आठवड्यांनंतर दिसू लागतात.

उलटी गैरसमजूत मला जास्त काळजीची वाटते: चेहरा छान आला, म्हणजे बाळ ठणठणीत. हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, मेंदूतल्या पोकळ्या या चित्रात दिसत नाहीत. त्या अजूनही मुख्यतः करड्या, साध्या कापांतच तपासतात. थ्रीडीतलं डॉक्टरांना खरं मोलाचं वाटतं ते वेगळंच. साठवलेल्या माहितीतून, बाई घरी गेल्यावरही, हव्या त्या कोनातून नवा काप काढता येतो.

चेहरा पाहून आईची माया वाढते का? इटलीत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साध्या सोनोग्राफीला हलत्या थ्रीडीची जोड देऊनही मातांच्या भावनिक स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून ‘थ्रीडी केलं नाही’ ही खंत कुणीच बाळगू नये. शिवाय केवळ आठवण म्हणून स्कॅन करू नये, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही सांगतं. सोनोग्राफीने अपाय झाल्याचं सिद्ध नाही, पण लहरींनी ऊती किंचित तापतात. आपल्याकडे तर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला वैद्यकीय कारण लागतं आणि ते फॉर्म एफ या ठरावीक अर्जात नोंदवावं लागतं.

ओठ दुभंगलेला असेल, तेव्हा मात्र हे चित्र फार उपयोगी पडतं. करड्या कापावर बोट ठेवून डॉक्टरांनी कितीही समजावलं तरी आईबापांना कळत नाही. थ्रीडीत ती फट नेमकी केवढी आहे हे त्यांना स्वतः बघता येतं. प्लास्टिक सर्जनला बाळंतपणाआधीच भेटता येतं, दूध कसं पाजायचं हे शिकता येतं आणि ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, हेही आधीच कळतं.