आरएच घटक आणि माकड : पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात गरोदर बाईच्या कार्डावर ‘आरएच निगेटिव्ह’ (म्हणजे तांबड्या पेशींवर आरएच हा घटक नाही) असा शेरा आला की बाळाच्या काळजीबरोबर एक समजूतही कानावर येते : पॉझिटिव्ह म्हणजे माकडाशी जुळणारं रक्त. २०१६ पासून दोडामार्ग भागात माकडतापाची धास्ती आहे, त्यामुळे माकड आणि रक्त हे शब्द एकत्र आले की माणसं आधीच बिचकतात. माकडताप गोचिडीतून पसरतो, रक्तगटाशी त्याचा काही संबंध नाही. रक्त माकडाशी जुळण्याची समजूत मात्र वैज्ञानिकांच्याच एका निर्णयातून आली आहे.

एबीओ गट १९०१ पासून ठाऊक होते, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत चिंपांझीसारख्या कपींच्या रक्तातही ते सापडले. खरा गुंता १९३९-४० चा, न्यूयॉर्कमधला. मृत मूल जन्मलेल्या एका बाईला नवऱ्याचं रक्त दिलं, आणि गट जुळत असूनही तिला त्रास झाला. तिच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींवर हल्ला करणारं प्रथिन, म्हणजे प्रतिपिंड, होतं. ज्यांनी हे नोंदवलं त्यांनी नवऱ्याच्या पेशींवरच्या त्या घटकाला नाव दिलं नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने ऱ्हीसस माकडाच्या तांबड्या पेशी सशांना टोचल्या. त्यातून मिळालेल्या रक्तद्रवाने तिथल्या सुमारे ८५ टक्के गोऱ्या लोकांच्या पेशींच्या गुठळ्या केल्या. त्या बाईच्या बाबतीतला घटक आणि हा घटक एकच असावा असं धरून त्याला माकडाचं, म्हणजे ऱ्हीससवरून ‘आरएच’ हे, नाव मिळालं.

पण घटक एक नव्हता. १९४२ मध्येच दिसलं की प्राण्यांपासून बनवलेला रक्तद्रव नवजात बाळांच्या पेशींना चिकटतो, मग बाळ पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह. तो ओळखत होता तो वेगळा प्रतिजन, म्हणजे पेशीवरची वेगळी खूण. निगेटिव्ह प्रौढांच्या पेशींवर तो कमी असतो, म्हणूनच दोन्ही चाचण्यांचे निकाल जुळल्यासारखे वाटले. १९६० च्या दशकात माकडाच्या प्रयोगातून सापडलेल्या प्रतिजनाला एलडब्ल्यू म्हटलं गेलं, आणि ‘आरएच’ हे नाव मात्र ज्यावरून माणसाचं रक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरतं, त्या डी घटकाकडेच ठेवलं. रुग्णालयांत ते रुळलं होतं, हे कारण मला समजतं. पण शोध कोणाचा, या दोन गटांतल्या श्रेयाच्या वादात वर्षं गेली नसती तर नाव वेळेत बदलता आलं असतं. त्या चुकीची झळ आजही निगेटिव्ह बायकांना पोचते.

ऱ्हीसस माकडाच्या पेशींवर माणसासारखा डी नाही. चिंपांझी आणि गोरिलाच्या पेशींवर त्याच्याशी मिळताजुळता घटक आहे. शिवाय आपल्या आंब्याच्या बागांत उतरतं ते टोपीवालं माकड; ऱ्हीसस प्रामुख्याने उत्तर भारतातलं.

एबीओची गोष्ट वेगळी. चिंपांझी ए किंवा ओ असतो, बी नसतो. गोरिलात बी आढळतो. माकडांच्या तांबड्या पेशींवर हे प्रतिजन जवळजवळ नसतात, म्हणून त्यांचा गट लाळेवरून काढतात. २०१२ च्या जनुकीय अभ्यासानुसार ए-बी हा भेद किमान दोन कोटी वर्षांचा आहे, म्हणजे माणूस आणि गिबन यांच्या समान पूर्वजाइतका जुना.

निगेटिव्ह आईच्या रक्तात डीविरुद्ध प्रतिपिंड तयार होऊ नये म्हणून १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन उपलब्ध आहे. निगेटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ते बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.