डॉमिनीका: नी दीर्घ, देश वेगळा

जुलै 2023. यशस्वी जयस्वाल पदार्पणाच्या कसोटीत 171 धावा करतो, अश्विन बारा बळी घेतो, भारत तीन दिवसांत डावाने जिंकतो. आणि आमच्या कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक काका विचारतात, "डॉमिनिकन रिपब्लिकवाले क्रिकेट कधीपासून खेळायला लागले?" तिथे बेसबॉल खेळतात, काका. हा सामना रोसोच्या विंडसर पार्कवर झाला, आणि रोसो ही डॉमिनीकाची राजधानी. उत्तर लिहिलं, दोन अंगठे आले. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न दुसऱ्या गटावर.

डॉमिनिकन रिपब्लिक तुम्हाला ठाऊक आहे. न्यू जर्सीतला भाचा डिसेंबरात ज्या पुंता कानातून पांढऱ्या वाळूचे फोटो टाकतो, ते तिथलं. हिस्पॅनिओला बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग, शेजारी हैती, भाषा स्पॅनिश, वस्ती कोटीच्या वर. एवढं पुरे.

डॉमिनीका तिथून बरीच आग्नेयेला, ग्वाडेलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध. क्षेत्रफळ सुमारे 750 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडं मोठं. माणसं सत्तर हजारांच्या आसपास. वानखेडे दोनदा भरलं की देश जवळजवळ संपला. कारभाराची भाषा इंग्रजी, घरात बोलायची फ्रेंच वळणाची क्रिओल. हे फरक एकदा ऐकले की कुणी विसरत नाही.

खरा घोळ 'रिपब्लिक' या शब्दाने घातलाय. लोकांचा हिशेब असा: इंडियाचं कागदोपत्री नाव 'रिपब्लिक ऑफ इंडिया', तसं डॉमिनीकाचं 'डॉमिनिकन रिपब्लिक' असणार. ऐकायला इतकं पटतं, की शिकलीसवरलेली माणसंही फसतात. पण स्पॅनिशमध्ये त्या देशाचं नाव आहे 'रेपुब्लिका दोमिनिकाना', आणि त्यातलं 'दोमिनिकाना' हे विशेषण आहे. ते आलं सांतो दोमिंगो या राजधानीच्या नावावरून. 'पुणेरी पगडी'तली पगडी काढली तर हातात 'पुणेरी' उरतं, पुणे उरत नाही. तसंच इथे. रिपब्लिक खोडून 'डॉमिनीका' मिळत नाही, कारण त्या देशात डॉमिनीका नावाचं काही नव्हतंच.

यावर उपाय म्हणून हुशार मंडळी एक युक्ती सांगतात, जिची मला जास्त चीड येते: "नावात रिपब्लिक असेल तो मोठा देश, नसेल तो छोटा, छोटा अजून राजाच्या छत्राखाली." साफ चूक. डॉमिनीका ब्रिटनपासून स्वतंत्र झाली 3 नोव्हेंबर 1978 रोजी, आणि त्याच दिवसापासून ती प्रजासत्ताक आहे. शेजारच्या सेंट लुशियात, अँटिग्वात आजही ब्रिटनचा राजा राष्ट्रप्रमुख आहे, डॉमिनीकात नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष संसद निवडते आणि कारभार पंतप्रधान हाकतात, साधारण आपल्यासारखंच. उलट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये राष्ट्राध्यक्ष जनता थेट निवडते आणि सत्ताही त्याच्याच हातात असते.

डॉमिनीकाचं अधिकृत नाव 'कॉमनवेल्थ ऑफ डॉमिनीका'. हे वाचून लगेच राष्ट्रकुल स्पर्धा आठवू नका. डॉमिनीका राष्ट्रकुलाची सदस्य आहेच, पण नावातला 'कॉमनवेल्थ' हा जुन्या अर्थाचा, सर्वांच्या हितासाठी चालणारं राज्य अशा अर्थाचा. थोडक्यात, दोन्ही देश प्रजासत्ताक, त्यामुळे त्या शब्दावरून ओळख पटवणं सोडा.

ओळख पटवायची तर उच्चारावरून. डॉमिनीकाचे लोक 'नी'वर जोर देतात: डॉमि-नी-का. त्यांचा माणूस 'डॉमिनीकन', हैतीशेजारचा 'डॉमिनिकन'. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच, बिचाऱ्यांचा इलाज नाही. आपल्याकडे ह्रस्व-दीर्घ आहे, शाळेत त्यासाठी मार खाल्लाय, आणि तरी आपण सरसकट 'डॉमिनिका' लिहितो! मी दीर्घच लिहिणार.

नावांचं मूळ मात्र एक आहे, हे कबूल. लॅटिनमध्ये 'प्रभूचा' या अर्थाच्या शब्दापासून प्रभूचा वार, म्हणजे रविवार, हा शब्द आला आणि संत डॉमिनिकचं नावही. सांतो दोमिंगो हे त्या संताचं नाव; गोव्यातले डॉमनिक आणि दोमिंगो त्याच कुळातले. डॉमिनीकाच्या वाट्याला रविवार आला, कारण कोलंबसाला हे बेट दिसलं 3 नोव्हेंबर 1493 च्या रविवारी. तारीख पुन्हा पाहा: स्वातंत्र्याचा दिवसही तोच, 485 वर्षांनी. त्याआधी तिथल्या कलिनागो लोकांनी बेटाला नाव दिलं होतं वाइतुकुबुली, 'उंच तिची काया'. कोलंबसापेक्षा त्यांनी बेट नीट पाहिलं होतं, असं माझं मत. कलिनागो आजही तिथे आहेत. 2023 साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिल्व्हनी बर्टन कलिनागोच, आणि त्या पदावरच्या पहिल्या स्त्री.

काया खरंच उंच. मॉर्न डायब्लोटिन्स 1447 मीटर, म्हणजे राजगडालाही वरून पाहणारा. डोंगर ज्वालामुखीचे, त्यामुळे किनाऱ्यावर वाळू बहुतेक काळी. आत जंगलात एक तळं अक्षरशः उकळत असतं, आणि तिथवर चढउतार करत जाऊन परतायला दिवस मोडतो. भाच्याला पांढरी वाळूच हवी असेल, तर त्याने पुंता काना सोडू नये.

राहता राहिल्या 'गुंतवणूक करा, पासपोर्ट घ्या' या जाहिराती. नागरिकत्व विकण्याची ती योजना 1993 पासून डॉमिनीकाची, म्हणजे दीर्घ नीवाल्यांची. पैसे भरण्याआधी एवढं तरी वाचा.