काचरस थिजतो तेव्हा

जुन्या चर्चच्या खिडक्यांमधल्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, कारण काच शतकानुशतके ओघळत असते, हा किस्सा अजूनही वर्गात ऐकायला मिळतो. तो खोटा आहे. १९९८ मध्ये ब्राझीलचे एद्गार झानोत्तो यांनी गणित मांडून दाखवले की, नेहमीच्या तापमानाला एवढे ओघळायला विश्वाचे वयही पुरणार नाही. त्या काचा मुळातच असमान बनत. गुरुत्वाकर्षणाला जे करायचे ते काच रसरूप असतानाच करता येते. रस घट्ट झाला की त्याचे काम संपते, खुणा मात्र आत गोठून राहतात.

भिंगे बनवणाऱ्यांना हे फार आधी जाणवले होते. फ्लिंट काच म्हणजे भिंगांसाठीची शिसेयुक्त काच, आणि शिसे जड. नीट न मिसळलेल्या रसाचा जड भाग मुशीच्या तळाशी जाई, हलका वर राही. अशा काचेच्या भिंगात रेघा दिसत आणि दुर्बिणीतली प्रतिमा बिघडे. स्वित्झर्लंडच्या प्येर लुई ग्विनां यांनी यावर शोधलेला उपाय स्वयंपाकघरात शोभावा असाच होता: ढवळणे! रस उष्णतेत न वितळणाऱ्या मातीच्या दांड्याने ढवळायचा. पुढे बव्हेरियात त्यांच्याबरोबर काम केलेले भिंगकार फ्राउनहोफर यांनी घडवलेले सुमारे २४ सेंटिमीटरचे भिंग १८२४ मध्ये दोर्पातच्या (आजचे एस्टोनियातील तार्तू) वेधशाळेत पोहोचले.

ढवळून मिसळण्याचे काम भागते, पण काही काचांची थिजताना स्फटिक धरण्याची खोड जात नाही. १९७० च्या दशकात फ्रान्समधील रेन विद्यापीठात पूलां बंधू आणि झाक ल्यूका यांच्या हाती फ्लोराइड काच लागली. तिचाच पुढचा प्रकार म्हणजे झेडब्लॅन: झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम आणि सोडियम यांची फ्लोराइडे. अवरक्त प्रकाशासाठी तिचा प्रकाश वाहून नेणारा तंतू नेहमीच्या सिलिका काचेच्या तंतूपेक्षा कितीतरी पारदर्शक ठरू शकतो, निदान कागदावर. पण तिचा रस पातळ, आणि तंतू ओढताना तिच्यात बारीक स्फटिक चटकन धरतात.

१९९० च्या दशकात नासाच्या डेनिस टकर यांनी विमानाच्या परवलयाकार झेपांमध्ये, जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांच्या भारहीनतेत, झेडब्लॅनचे तंतू तापवून पाहिले. जमिनीवरच्या नमुन्यांत स्फटिक झाले, विमानातल्या नमुन्यांत ते दबले. वजनच नसेल तर गरम रस वर आणि थंड रस खाली हे अभिसरण थांबते, असे एक स्पष्टीकरण. प्रवाहाच्या घासणीने रस आणखी पातळ होऊन स्फटिकांना वाव मिळतो, असे टकर यांचे.

२०१७ मध्ये तंतू ओढणारे यंत्र आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले. पृथ्वीवर वितळलेला थेंब आपल्याच वजनाने खाली येऊन तंतूची सुरुवात करून देतो. तिथे तेही यंत्रालाच करावे लागते. २०२४ मध्ये तिथे अकरा किलोमीटरहून अधिक तंतू ओढला गेला.