लिफ्ट, माफक : जुन्या पिकअप ट्रकची सस्पेन्शन-उंची

लिफ्ट, माफक : सस्पेन्शनच्या भागांत फेरफार करून पिकअप ट्रकची चासी मूळ उंचीपेक्षा ४० ते ६५ मिमी. (साधारण दीड ते अडीच इंच) वर उचलणे. याहून अधिक उंचीसाठी क्रॉसमेंबर (चासीचा आडवा तुकडा) खाली उतरवणारे आणि नकल (चाकाला धरणारा, वळणारा भाग) बदलणारे मोठे संच लागतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही. चासीला हात न लावता तिच्यात आणि बॉडीत ठोकळे घालण्याची ‘बॉडी लिफ्ट’ ही पद्धतही वेगळी. सस्पेन्शनला मराठीत ‘निलंबन’ असा प्रतिशब्द आहे, पण त्याने पाट्यांऐवजी (पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंग) सरकारी कर्मचारीच आठवतात. म्हणून या नोंदीत गॅरेजातला शब्द ठेवला आहे. विवेचनासाठी उत्तर अमेरिकेत विकले गेलेले टोयोटाचे फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेतले आहेत : १९७९ ते १९९५ चे ‘टोयोटा पिकअप’ (इतरत्र हायलक्स) आणि १९९५ ते २००४ चे पहिल्या पिढीचे टॅकोमा.

उगम : पाटे वाढवून गाडी उचलणे ही कल्पना मोटारीहून जुनी असावी. ओबडाया एलियट याने १८०४ मध्ये लंडनला लंबवर्तुळाकार कमानीच्या घोडागाडीचे पेटंट घेतले. त्यानंतर पाटे घालणे-काढणे हे गाडी दुरुस्त करणाऱ्यांचे नेहमीचे काम झाले असणार. पिकअपच्या लिफ्टचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. एक मत तो मिनिआपोलिसच्या नॅपको कंपनीपाशी धरते. १९५० च्या दशकात या कंपनीच्या संचांनी शेव्हर्ले आणि जीएमसीच्या ट्रकांना इंजिनाने फिरणारा पुढचा एक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) बसवला जाई आणि ट्रक आपोआप उंच होई. दुसरे मत महायुद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या लष्करी जीपकडे बोट दाखवते. तिसरे मत मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी शर्यतींना, विशेषतः १९६७ च्या तिहुआना ते ला पास या पहिल्या ‘मेक्सिकन १०००’ला, महत्त्व देते. नॅपकोच्या संचात उंची हा हेतू नव्हता, एक्सलला जागा करण्याचा तो परिणाम होता. त्यामुळे उंचीसाठीच उंची या अर्थाने १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध धरणे अधिक योग्य वाटते. ‘माफक’ या मर्यादेला मात्र निश्चित जनक नाही. ती सीव्ही जॉईंटला (पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा वाकता सांधा) सोसवणाऱ्या कोनातून आली आहे.

किती उंची गेली आहे : जुन्या ट्रकच्या बाबतीत पहिला प्रश्न किती उचलायचे हा नसून किती खाली बसला आहे हा असतो. वीस-तीस वर्षांच्या पाट्यांची कमान पुष्कळदा सपाट झालेली असते. मूळ मापाचे नवे पाटे बसवले तरी मागची बाजू वर येते आणि मालकाला हवी असलेली ‘लिफ्ट’ बऱ्याच अंशी त्यातच मिळून जाते. माप जमिनीपासून घेऊ नये, कारण टायरमधली हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या ओठापर्यंत, चारही बाजूंना, ट्रक सपाट जागी रिकामा उभा करून मोजावे. डाव्या-उजव्यात १० ते १५ मिमी. फरक टोयोटात नेहमी आढळतो. या ट्रकांत चालक डावीकडे बसतो आणि तीच बाजू सहसा खाली असते. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उंच असणे हा दोष नव्हे. भार चढल्यावर ट्रक सपाट व्हावा म्हणून ती तशी ठेवलेली असते. दिसायला बरे म्हणून पुढचा भाग मागच्या बरोबरीने उचलला, तर माल भरताच ट्रकचे नाक वर जाते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

उंची वाढवण्यापूर्वी चासी पाहावी. पहिल्या टॅकोमाच्या चासीला आतून गंज धरतो. १९९५ ते २००० सालच्या ट्रकांसाठी टोयोटाने २००८ मध्ये गंजाविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली होती. मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ (पाटा चासीला टांगणारा ब्रॅकेट) हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा पापुद्रे गळून पडले, तर तेथेच थांबावे. नवे ताठ पाटे कुजक्या हँगरवर अधिक जोर टाकतात.

पुढची बाजू : सालानुसार तीन रचना आहेत. १९७९ ते १९८५ च्या ट्रकांना पुढेही अखंड एक्सल आणि पाटे. येथे उंची सहज मिळते, पण स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा तिरका होतो आणि खड्ड्यात चाक आपोआप वळते. १९८६ ते १९९५ च्या ट्रकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा). टॅकोमाला शॉकॲब्सॉर्बरभोवती कॉइल स्प्रिंग.

टॉर्शन बारविषयी वाद जुना आहे. बारच्या मागच्या टोकाच्या ॲडजस्टिंग बोल्टचा नट आवळला की ट्रक उठतो, खर्च शून्य. ‘बार आवळला की स्प्रिंग कडक होते’ अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि अनेक मेकॅनिकही तसेच सांगतात. ती स्वीकारणे कठीण आहे. बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर, लांबीवर आणि पोलादाच्या गुणावर ठरतो. बोल्ट फिरवल्याने यांतले काहीच बदलत नाही. २४ मिमी.च्या जागी तेवढ्याच लांबीचा २६ मिमी.चा बार घातला तर ताठपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. बोल्टाने फक्त आर्मचा (चाकाला चासीशी जोडणाऱ्या, वरखाली होणाऱ्या भुजेचा) सुरुवातीचा कोन बदलतो. आर्मच्या कोनामुळे चाकाशी जाणवणारा ताठपणा किंचित बदलतो हे खरे, पण माफक उंचीला तो फरक नगण्य मानावा. मग ट्रक धक्के का देतो? चाकाला खाली जाण्यासाठी उरलेली जागा संपते म्हणून. आर्म आधीच खालच्या रबरी ठोकळ्याजवळ असतो. रस्त्यात लहानसा खोलगट भाग आला तरी तो ठोकळ्यावर आपटतो आणि तो धक्का कडकपणासारखा वाटतो. उभ्या ट्रकखाली वाकून आर्म आणि खालचा ठोकळा यांत दोन बोटे शिरतात का पाहावे. शिरत नसतील तर बोल्ट तितका सैल करावा. या सालांत टॉर्शन बार वरच्या आर्मला जोडलेला असल्याने वरचा बॉल जॉईंट (आर्म आणि चाक यांतला गोल सांधा) आणि आर्म यांत पट्टी घालण्याचा उपाय चालतो; आर्म पुन्हा मूळ कोनाजवळ येतो आणि खाली जाण्याची जागा परत मिळते. अर्थात सीव्ही जॉईंटचा कोन त्याने सुधारत नाही.

टॅकोमात दोन मार्ग आहेत : शॉकच्या टोपीवर पट्टी घालणे किंवा स्प्रिंग आणि शॉक दोन्ही बदलणे. शॉक चाकापासून आत, खालच्या आर्मच्या साधारण मध्यात बसत असल्याने ६ मिमी.च्या पट्टीने चाकाशी १२ मिमी.च्या आसपास उंची वाढते. २५ मिमी.ची पट्टी आणून ‘एकच इंच’ म्हणणारा म्हणून फसतो. पट्टी जुन्याच थकलेल्या स्प्रिंगवर बसते, म्हणून जुन्या ट्रकला नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉक हा पर्याय महाग असूनही पसंत करावा. दाबलेल्या कॉइलमध्ये माणूस जायबंदी होईल इतकी ताकद असते. कंप्रेसर धड नसेल तर जोडून आलेला संच घ्यावा.

सुमारे ६५ मिमी.नंतर सीव्ही जॉईंटचे रबरी बूट घडीवर घासू लागतात, फाटतात आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले दिसते. हाताने लॉक करायचे हब असलेल्या ट्रकांत टू-व्हीलवर एक्सल फिरतच नाहीत, म्हणून कोन काहीसा चालून जातो. टॅकोमाच्या ज्या ट्रकांत डिफरन्शियलच (दोन्ही चाकांना ताकद वाटणारी दातेरी पेटी) आपोआप जोडले-तोडले जाते, त्यांत ते कायम फिरतात; तेथे ५० मिमी.वर थांबणे शहाणपणाचे. डिफरन्शियल २५ मिमी. खाली आणणारे ठोकळे मिळतात. त्यांचा उपयोग किती यावर एकमत नाही. टॅकोमाचा खालचा बॉल जॉईंट वजनाने खोबणीबाहेर ओढला जातो आणि सुटला की चाक आडवे पडते. २००१ ते २००४ च्या ट्रकांसाठी २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत तो बदलून देण्याची मोहीम काढली होती. लिफ्टच्या वेळी सगळे उघडलेलेच असते, तेव्हाच तो बदलावा.

मागची बाजू : पर्याय चार : पूर्ण नवे पाटे, जादा पाटा, ठोकळा, लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी). पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, ६ मिमी.ऐवजी ७ मिमी.चा पाटा घेतला तर तेवढा एक पाटा सुमारे ५९ टक्के ताठ होतो. जादा पाटा आखूड असेल तर त्याच्या टोकापाशी वरचा मुख्य पाटा एकाच जागी वाकतो आणि बहुधा तेथेच तुटतो. लांब पाटा घ्यावा. जुन्याच पाट्याला पुन्हा कमान मारून घेणे स्वस्त पडते, पण तापवून कमान मारल्यावर पोलादाला नीट पाणी दिले नाही तर तो काही महिन्यांत पुन्हा बसतो. शॅकल ५० मिमी. लांब केली तर एक्सलवर उंची निम्मीच, २५ मिमी., मिळते. ठोकळा सोपा, पण एक्सल आणि पाटा यांतले अंतर वाढल्याने जोर लावताना पाटे पिळवटतात. ठोकळ्यावर ठोकळा कधीही चढवू नये. पुढच्या, वळणाऱ्या एक्सलवर तर ठोकळाच नको.

बसवताना पुढच्या चाकांना उटी लावावी, चासीखाली स्टँड आणि एक्सलखाली जॅक द्यावा. एका वेळी एकच बाजू सोडावी. सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी पाटे दोन्ही बाजूंना शिकंजात पकडावेत, नाहीतर ते पसरतात. सेंटर बोल्टचे गोल डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसले आहे हे बोटाने चाचपून पाहावे. ते कडेवर राहून यू-बोल्ट आवळले गेले तर एक्सल काही मिलिमीटर सरकतो आणि ट्रक खेकड्यासारखा तिरका चालतो. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. आवळलेला जुना बोल्ट ताणलेला असतो. ते फुलीच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि सुमारे ८०० किमी.नंतर पुन्हा आवळावेत. बुशचे बोल्ट मात्र ट्रक चाकांवर उतरवल्यावरच पक्के करावेत. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि फाटते.

अनेकदा विसरला जाणारा भाग ब्रेकचा. या टोयोटांत मागच्या एक्सलपासून एका दांडीने जोडलेला, भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की दांडी खाली ओढली जाते, व्हॉल्व्हला ट्रक रिकामा वाटतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. उंची जितकी वाढली तितकाच एक्सलवरचा दांडीचा ब्रॅकेट उंच करावा. चाके लोंबत असताना ब्रेकचा रबरी पाइप ताणलेला नसावा.

लांब केबिनच्या ट्रकांत प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. उंचीनंतर गाडी सुटताना थरथर जाणवली तर मधला बेअरिंग-आधार १२ ते २५ मिमी. खाली घ्यावा, किंवा पाट्याखाली २ ते ३ अंशांची पोलादी पाचर घालावी. पाटा एक्सलच्या वर असल्यास पाचरीची जाड बाजू मागे ठेवल्याने पिनियनचे (शाफ्ट एक्सलला जोडणाऱ्या दातेरी चाकाचे) नाक वर जाते. ॲल्युमिनियमची पाचर तडकते.

टायर आणि तोल : लिफ्टने चासी उचलली जाते, मागचे हौजिंग (एक्सलचे कवच) नाही, ते फक्त मोठ्या टायरने उचलले जाते. २२५/७५ आर १५ च्या (सुमारे ७१८ मिमी.) जागी ३१ इंची (७८७ मिमी.) टायर घातला तर हौजिंग सुमारे ३४ मिमी. वर येते. मग स्पीडोमीटर ९१ दाखवत असताना वेग प्रत्यक्षात १०० असतो. तोलाचा अंदाज चाकांतील रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट या गुणोत्तराने येतो. अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्थाही ते वापरते. रुंदी १५०० आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी. धरला तर उत्तर १.०७; तो ४५ मिमी. वर गेला की १.०१, म्हणजे तोल कमी. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करावे. उंचीने कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि मूळ आर्मने तो भरून निघत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतात.

कायदा : अमेरिकेत नियम राज्यागणिक निराळे. कॅलिफोर्नियात ४,५०० पौंडांपर्यंत एकूण वजनक्षमतेच्या ट्रकची चासी जमिनीपासून २७ इंचांवर जाऊ नये, ४,५०१ ते ७,५०० पौंडांसाठी ३० इंच. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. महाराष्ट्रात जुन्या पिकअपना जादा पाटा टाकण्याची चाल आहे, पण ती उंचीसाठी नव्हे, मालाच्या भारासाठी.