माणूस न पाठवता मारा: पावणेदोनशे वर्षांचा हिशेब

जून 2024 मध्ये नागपूरच्या एका स्फोटक उद्योगात तयार झालेल्या 'नागास्त्र-1' या आत्मघाती ड्रोनची 120 नगांची पहिली खेप भारतीय सैन्याकडे गेली. एकूण मागणी 480 नगांची. वजन नऊ किलोच्या आसपास, पोटात किलोभर स्फोटक. जवानाने पाठीवर न्यायचं, आकाशात सोडायचं, त्याने घिरट्या घालत लक्ष्य शोधायचं आणि सापडलं की त्यावर जाऊन फुटायचं. लक्ष्य मिळालं नाही किंवा हुकूम फिरला, तर ते पॅराशूटने परत उतरवता येतं. मला त्याच्या पल्ल्यापेक्षा ही सोय मोठी वाटते. अर्जुनाला सोडलेलं अस्त्र मागे घेता आलं, अश्वत्थाम्याला नाही. त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवलं. युद्धातल्या नीतीची चर्चा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

विदर्भाला दारूगोळ्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. भंडारा, भद्रावती आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणी, पुलगावचं दारूगोळा भांडार, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं बाजारगाव. नागास्त्र बनवणाऱ्या उद्योगसमूहाच्याच बाजारगावच्या कारखान्यात 17 डिसेंबर 2023 ला स्फोट होऊन नऊ कामगार गेले, त्यात सहा बाया होत्या. तो ड्रोनचा विभाग नव्हता हे खरं. पण 'यात आपल्या माणसाच्या जिवाला धोका नाही' असं कोणी म्हटलं की हा आकडा आठवतो.

ड्रोन मात्र इकडच्या खेड्यात शिरला तो वेगळ्याच वाटेने. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंप घेऊन तासात शिरलेल्या माणसाच्या तोंडावरच औषध उडायचं. पुढे फवारणीचा ड्रोन आला तो याच बोलीवर, की माणूस धुऱ्यावर आणि विष वावरात. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली: 15,000 महिला बचत गट, प्रत्येकाला ड्रोनसाठी 80 टक्के अनुदान, जास्तीत जास्त आठ लाख रुपये. दहा लिटरची टाकी घेऊन ड्रोन वावरावर आला की पंख्याच्या वाऱ्याने खालची पऱ्हाटी दोन्ही बाजूंना लोळते, पानांची फिकट उलटी बाजू उघडी पडते आणि फवारा थेट तिथे बसतो. ताई रिमोटच्या पडद्यावर पदराची सावली धरून उभी असते. वारा फिरला की तेच औषध शेजाऱ्याच्या वावरात जातं, आणि तिथे निंदायला आलेल्या बाईने तोंडाला काही बांधलेलं नसतं. चालवणारा धोक्याबाहेर गेला, मग धोका कोणाकडे गेला? लढाईतल्या ड्रोनचा सगळा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो ड्रोनपेक्षा बराच जुना आहे.

1849 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने वेढा पडलेल्या व्हेनिसवर बिनमाणसाचे फुगे सोडले, खाली बॉम्ब लटकवून. वारा फिरला तेव्हा काही फुगे त्यांच्याच फौजेकडे परतले. तरी कल्पना रुजली, आणि भीतीही. युद्धाचे नियम ठरवायला भरलेल्या 1899 च्या हेग परिषदेत फुग्यांतून बॉम्ब टाकण्यावर पाच वर्षांची बंदी आली. 1907 मध्ये ती पुन्हा घातली गेली, पुढची परिषद संपेपर्यंत. ती तिसरी परिषद कधी भरलीच नाही, म्हणजे कागदावर हा ठराव अजून जिवंत म्हणायला हरकत नाही. जर्मनी-फ्रान्ससारख्या बड्यांनी त्यावर सहीच केली नव्हती. 1911 मध्ये लिबियात इटलीच्या एका वैमानिकाने हाताने बॉम्ब खाली टाकले, आणि विषय संपला.

मधली ऐंशी-नव्वद वर्षं भराभर सांगता येतील. 1918 मध्ये अमेरिकेत 'केटरिंग बग' नावाचा उडता बॉम्ब तयार झाला, पण लढाईत उतरण्याआधीच युद्ध थांबलं. 1944 मध्ये जर्मनीने लंडनवर व्ही-1 हे उडते बॉम्ब सोडले. व्हिएतनामवर अमेरिकेची बिनवैमानिक विमानं फोटो काढत फिरली. 1982 मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने अशा विमानांनी सीरियाच्या क्षेपणास्त्र तळांना चकवलं. तोवर ड्रोनचं काम पाहणं आणि फसवणं एवढंच होतं. इस्रायलमधून अमेरिकेत गेलेल्या अब्राहम करेम या अभियंत्याच्या आराखड्यांतून पुढे 'प्रिडेटर' हा ड्रोन आला, 1995 मध्ये तो बोस्नियावर उडाला, तोही फक्त पाहण्यासाठी.

खरा फाटा फुटला 2001 मध्ये. फेब्रुवारीत प्रिडेटरवर हेलफायर क्षेपणास्त्र बसवून चाचणी झाली. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेचे इस्रायलमधले राजदूत मार्टिन इंडिक जाहीरपणे सांगत होते, की माणसं हेरून मारण्याला अमेरिकेचा विरोध आहे. राजकीय हत्यांवर तर अध्यक्ष फोर्ड यांनी 1976 मध्येच बंदी घातली होती. मग 11 सप्टेंबर आला. 7 ऑक्टोबरला अफगाणिस्तानात सशस्त्र प्रिडेटरने पहिला मारा केला, नोव्हेंबर 2002 मध्ये येमेनमध्ये एक चालती गाडी उडवली, आणि 2004 पासून पाकिस्तानच्या वझिरीस्तानात हे नेहमीचं झालं. येमेन किंवा पाकिस्तानशी अमेरिकेचं युद्ध कधी जाहीर झालेलं नव्हतं. मारलेला माणूस लढवय्या होता की संशयित, हे ठरवणारेही मारणारेच.

ड्रोनच्या बाजूने जे बोललं जातं ते वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. हा यंत्रपक्षी तासन्‌तास एका घरावर थांबू शकतो, पोरं अंगणात आली तर वाट पाहू शकतो. बॉम्बफेकी विमानाला ते जमत नाही. 1949 चे जिनिव्हा करार आणि 1977 चा जोड-करार लढणारा आणि न लढणारा यांत फरक करायला सांगतात, लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी जास्त होऊ देऊ नका म्हणतात. नीट वापरला तर ड्रोन हे नियम जास्त चांगले पाळू शकतो.

पण 17 मार्च 2011 ला वझिरीस्तानातल्या दत्ताखेलमध्ये खाणीच्या वादावर जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची बैठक, बसली होती, आपल्याकडे पारावर बसावी तशी, आणि तिच्यावर क्षेपणास्त्रं पडली. चाळिशीच्या आसपास माणसं गेली. वरून पाहणाऱ्याला हत्यारबंद माणसांचा घोळका दिसला. त्या भागात बंदूक बहुतेक प्रत्येक घरात असते. ऑक्टोबर 2012 मध्ये उत्तर वझिरीस्तानात वावरात भेंडी तोडणारी एक म्हातारी मारली गेली. वर्षभराने तिचा नातू वॉशिंग्टनला गेला आणि तिथल्या लोकप्रतिनिधींना म्हणाला, की मला आता निळं आभाळ आवडत नाही, कारण ढग असले की ड्रोन उडत नाहीत. उघाडीकडे डोळे लावून कापूस वेचणाऱ्यांना हे वाक्य वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

30 जानेवारी 1948 ला, मृत्यूच्या काही तास आधी, छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी गांधीजींना विचारलं होतं, की अणुबॉम्बला अहिंसेने कसं तोंड द्याल? सेवाग्रामच्या या म्हाताऱ्याचं उत्तर असं होतं: मी लपणार नाही, उघड्यावर येईन, वैमानिकाला दिसू दे की माझ्या मनात त्याच्याविषयी वाईट काही नाही, एवढ्या उंचीवरून त्याला आमचे चेहरे दिसणार नाहीत, हे मला माहीत आहे, तरी मनातली तळमळ त्याच्यापर्यंत पोचेल. ड्रोनने या उत्तराची अडचणच उलटी करून टाकली. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात खुर्चीत बसलेल्या माणसाला आता हालचाल दिसते, दिवसेंदिवस दिसते: कोण किती वाजता उठतो, पोरं कुठे खेळतात. तरी बटण दाबलं जातं. या कामातल्या अनेकांना मानसिक आघातांनी ग्रासलं, हे नंतर पुढे आलं. दिसण्याने दया येते हा आपला भाबडा समज असावा, किंवा दया येते पण हुकूम मोडण्याइतकी नाही.

दुसरा परिणाम घरच्या राजकारणावर झाला. 2011 मध्ये लिबियावर हल्ले चालू असताना अमेरिकी कायद्याप्रमाणे संसदेची परवानगी हवी का, हा प्रश्न आला. आपले सैनिक जमिनीवर नाहीत, सलग चकमकी नाहीत, तेव्हा कायद्यातल्या 'लढाई'त हे बसत नाही, असं ओबामा सरकारने कळवलं. तिरंग्यात गुंडाळलेलं शव गावात आलं की अख्खा तालुका लोटतो, आणि युद्धाची किंमत काय ते त्या दिवशी कळतं. लोकशाहीत सरकारला आवरणारी जी मोजकी दडपणं आहेत त्यांतलं हे एक, आणि ड्रोन तेच काढून घेतो. मला हा आक्षेप सगळ्यांत वजनदार वाटतो.

2020 पासून ड्रोन बड्या देशांची मिरास राहिला नाही. नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने एएन-2 ही जुनी, शेतावर फवारणीसाठीही वापरली जाणारी विमानं बिनवैमानिक करून आमिष म्हणून सोडली. आर्मेनियाने त्यांच्यावर तोफा डागल्या की तोफांची जागा उघडी पडायची आणि मागून तुर्की-इस्रायली ड्रोन येऊन त्या उडवायचे. युक्रेनने फवारणीच्या मोठ्या ड्रोनच्या धर्तीवर रात्री बॉम्ब टाकणारे ड्रोन उभे केले. रशियन सैनिकांनी त्यांना लोककथेतल्या चेटकिणीचं नाव दिलं, बाबा यागा. मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, एका रात्रीत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाकिस्तानकडून आल्याचं भारत सरकारने सांगितलं.

आणि गडचिरोलीच्या पलीकडे, दक्षिण बस्तरमधल्या गावकऱ्यांनी 2021 पासून अनेकदा आरोप केला, की जंगलात ड्रोनने बॉम्ब टाकले गेले. पोलिसांनी दरवेळी नाकारलं. फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, तो चालवणाऱ्या ताईला प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. सैन्यदलांच्या ड्रोनला 2021 चे ड्रोन नियम लागूच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरे नियम असणारच, पण नागरिकाला दाद मागायची तर ते वाचायला तरी मिळायला हवेत.

आता वाद यंत्राने स्वतःच लक्ष्य निवडून मारावं का, इथवर आला आहे. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा स्वयंचलित अस्त्रांविषयी सदस्य देशांची मतं मागवणारा ठराव आला. 152 देश बाजूने, 4 विरोधात. त्या चारांत रशियाबरोबर भारतही होता. ही चर्चा जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांच्या करारातच व्हावी, समांतर चूल नको, अशी भारताची भूमिका आहे. तिच्यात तथ्य आहे, कारण शस्त्रं बाळगणारे देश त्याच टेबलावर बसतात. अडचण एवढीच, की तिथे निर्णय सर्वानुमते होतो, आणि एका देशाने नकाराची मान हलवली की मसुदा अडतो. त्या कराराखालच्या तज्ज्ञ गटाला आपलं काम 2026 च्या आढावा परिषदेपुढे ठेवायचं आहे.