ॲमिनो अम्लांचे परिवहन, सस्तन पेशींतील

सस्तन प्राण्यांच्या रक्तातील वा आतड्यातील ॲमिनो अम्ले (प्रथिनांचे घटक) पेशीपटलातील वाहक प्रथिनांच्या साहाय्याने पेशीत शिरण्याची प्रक्रिया. ऊतींत या अम्लांचे प्रमाण रक्ताहून बरेच अधिक असते, हे व्हॅन स्लाइक व मेयर यांनी १९१३ च्या सुमारास दाखविले. म्हणजे पेशी त्यांना कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे, जणू चढावर, ओढून घेते. त्यासाठी लागणारी ऊर्जा बहुधा सोडियमच्या उतारातून (पेशीबाहेर जास्त, आत कमी अशा प्रमाणातील फरकातून) मिळते: पेशीपटलातील पंपाने बाहेर टाकलेले सोडियम परत आत शिरताना ॲमिनो अम्लालाही सोबत आणते. ग्लुटामेट या ॲमिनो अम्लाच्या एका रेणूमागे तीन सोडियम आयन व एक प्रोटॉन आत येतात आणि एक पोटॅशियम आयन बाहेर पडतो.

ऑक्झेंडर व क्रिस्टेन्सन यांनी १९६३ मध्ये उंदराच्या एर्लिश अर्बुदपेशींवरील (गाठीच्या पेशींवरील) प्रयोगांतून सोडियमवर अवलंबून असलेली ‘ए’ आणि नसलेली ‘एल’ अशा दोन प्रणाली वेगळ्या केल्या. कोणते अम्ल कोणाची वाट अडवते, एवढ्याच निरीक्षणावर उभारलेली ही विभागणी पुढे जनुके हाती आल्यावरही मोठ्या प्रमाणात टिकली, हे विशेष.

परिवहनाच्या यंत्रणेविषयी जीवरसायनशास्त्रज्ञ माइस्टर यांनी १९७० च्या दशकात निराळे मत मांडले. त्यांच्या मते ग्लुटाथायोन या पेशीतील तीन ॲमिनो अम्लांच्या संयुगाचा गॅमा-ग्लुटामिल गट पटलाशी ॲमिनो अम्लाला जोडला जातो आणि त्या जोडरूपाने ते आत येते. या चक्राच्या एका फेरीस एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे तीन रेणू खर्ची पडतात; प्रोलीन हे ॲमिनो अम्ल या मार्गाला फारसे जुमानत नाही; शिवाय संबंधित विकर (एन्झाइम) जन्मतः नसलेल्या रुग्णांतही ॲमिनो अम्लांचे शोषण ढासळत नाही. त्यामुळे हे चक्र ग्लुटाथायोनाच्या चयापचयाचा भाग मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

वाहकांतील दोषांमुळे हार्टनप रोग व सिस्टिनमेह हे आनुवंशिक विकार उद्भवतात. सिस्टिनमेहात लघवीत षट्कोनी स्फटिक दिसतात.

‘एल’ प्रणालीतील मुख्य वाहक एक रेणू आत घेताना दुसरा बाहेर सोडतो. रक्त-मेंदू अडसर ओलांडण्यासाठी ल्यूसीन व फेनिलॲलनीन ही ॲमिनो अम्ले आणि कंपवातावरील औषध लेव्होडोपा यांची त्याच्यापाशी चढाओढ लागते. म्हणून लेव्होडोपाची दुपारची गोळी बांगड्याचे हुमण व उकड्या तांदळाच्या भाताबरोबर घेतल्यास काही रुग्णांना तिचा गुण उशिरा वा कमी येतो. यात भाताचा नव्हे, माशातील प्रथिनांचा वाटा मोठा. गोव्यात रानोमाळ आढळणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते, आणि मेंदूत शिरण्यासाठी त्यालाही याच दाराशी ताटकळावे लागते.