'जीव घाबरा' होण्याला नाव मिळेपर्यंत

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीचा जीव घाबरा व्हायचा. शेजारच्या गुजराती काकी त्यालाच 'गभरामण' म्हणत. छातीत धडधड, तळहाताला घाम, श्वास पुरेनासा. दर वेळी कार्डिओग्राम निघायचा, तो नॉर्मल यायचा आणि "काही नाही, मनाचं आहे" एवढं ऐकून ती रिक्षातून परतायची. ते 'काही नाही' तिला फार लागायचं.

वैद्यकानंही आधी हृदयच तपासलं होतं. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड पाहून डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये 'चिडखोर हृदय' असा आजार मांडला. १८९५ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडनी चिंतेचा विकार 'मज्जातंतूंचा थकवा' या तेव्हाच्या निदानातून वेगळा काढला. पुढे कित्येक वर्षं अचानक येणारे झटके आणि दिवसभर पोखरणारी काळजी एकाच गाठोड्यात राहिली.

ते सुटलं एका औषधामुळे. इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिल्यावर घबराटीचे झटके थांबतात, पण 'पुन्हा येईल' ही धास्ती उरते, हे मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९६४ मध्ये दाखवलं. म्हणजे दोन्ही एकच नव्हेत. मानसिक आजारांच्या १९८० च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत पॅनिक, म्हणजे घबराटीचे झटके, आणि सततची चिंता वेगळ्या झाल्या. आजीचा पहिला प्रकार होता, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या भीतीला नाव मिळायला मुलांनाही तितकंच थांबावं लागलं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तेव्हापासून शाळेच्या दारात पोट धरून रडणारं मूल बडोद्यानं पाहिलं असणारच. त्याला भित्रं म्हणत, दृष्ट काढत, भीमरूपी म्हणायला लावत. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि भीती घालवली. आजही मुलांच्या भीतीवर उपचार करताना असंच पायरीपायरीनं जातात. उपाय हाती होता, तरी आईवडिलांपासून दूर होण्याच्या भीतीला स्वतंत्र निदान मिळालं ते १९८० मध्येच. ही भीती मोठेपणीही सुरू होऊ शकते, हे त्याच निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीनं मान्य केलं.

कारेलीबागेतल्या मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की आजी म्हणायची, "मला वेडी ठरवता का?" आता १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला घरबसल्या फोन करता येतो. ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. आजी तोवर राहिली नव्हती.